दोघांच्या नावाचा पुरस्कार

पुस्तक हातात आलं की मी आधी मलपृष्ठ वाचते. तिथे एखाद्या पुरस्काराचा उल्लेख असला, तर तो ज्यांच्या नावाने देतात ती माणसं कोण, याचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. पर्यावरणाच्या आंतरराष्ट्रीय राजकारणावरची पुस्तकं जमवू लागले तसं एक नाव पुन्हापुन्हा आडवं येऊ लागलं: हॅरोल्ड अँड मार्गारेट स्प्राउट पुरस्कार. जपानच्या लाकूडखरेदीने आग्नेय आशियातल्या जंगलांचं काय केलं हे सांगणारं पीटर डोव्हर्न यांचं पुस्तक, धरणं आणि नद्यांवरचं केन कोंका यांचं ‘गव्हर्निंग वॉटर’, तेलवाहू जहाजांवरचं रोनाल्ड मिचेल यांचं पुस्तक, सगळ्यांवर हीच जोडी. नवरा-बायको दोघांच्या नावाने पुरस्कार देणाऱ्या विद्वत्संस्था फार नाहीत.

हा पुरस्कार देतो इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशन, म्हणजे आयएसए या संस्थेचा पर्यावरण विभाग. आयएसए १९५९ची. युद्ध, तह, परराष्ट्रधोरण यांचा अभ्यास करणाऱ्यांची ही संघटना पुढे इतकी फोफावली की तिचे विषयवार विभाग पाडावे लागले. विभागाला अध्यक्ष असतो, कार्यक्रमप्रमुख असतो, पुरस्कार समित्या असतात. सगळे प्राध्यापक, आणि हे काम नोकरी सांभाळून फुकट करायचं. वार्षिक अधिवेशन वसंतात; त्यासाठीचे प्रस्ताव आदल्या वर्षीच्या जूनच्या सुरुवातीपर्यंत येतात. मग कार्यक्रमप्रमुखाची कसोटी लागते. हवामान करारावरचा एक निबंध, मासेमारीवरचा दुसरा, कोळशावरचा तिसरा, असे सुटे निबंध एकत्र बांधून त्यांना शोभेल असं सत्राचं नाव शोधायचं. वाट्याला सत्रं येणार मोजकी, त्यामुळे कोणाला तरी नाही म्हणायचं. आणि शेवटच्या दिवशी सकाळी सव्वाआठचं सत्र कोणाच्या गळ्यात घालायचं, हाही निर्णय कोणीतरी घ्यायचाच असतो. साहित्य संमेलनाच्या स्वागत समितीत ज्यांनी परिसंवादांच्या याद्या केल्या आहेत, त्यांना या कामाची जात वेगळी समजावून सांगायला नको.

यात या विभागाची आणखी एक पंचाईत. कर्बवायूंच्या उत्सर्जनावर बोलायला जगभरातून विमानाने यायचं, तेही एखाद्या पंचतारांकित हॉटेलच्या वातानुकूलित तळघरात. सभासद स्वतःच यावर कुरकुरतात, तरी पुढच्या वर्षी प्रस्ताव पाठवतात. मी त्यांना दोष देणार नाही. नवख्या संशोधकाला नोकरी देणारा माणूस त्या हॉटेलच्या कॉफीच्या रांगेतच भेटतो. जाण्या-न जाण्याचा प्रश्न एकदा मात्र वेगळ्याच कारणाने उठला. २०१७च्या जानेवारीअखेर ट्रम्प यांनी सात देशांच्या नागरिकांना अमेरिकेत यायला बंदी केली आणि फेब्रुवारीत आयएसएचं अधिवेशन बाल्टिमोरमध्ये व्हायचं होतं. जायचं की बहिष्कार घालायचा, यावर सभासदांत जुंपली. अधिवेशन झालंच.

पुरस्कार समितीचं काम मात्र शांतपणे चालतं आणि माझ्या मते विभागाचं खरं संचित तेच आहे. मिचेल यांचंच पुस्तक घ्या. तेलवाहू जहाज माल उतरवल्यावर तोल राखण्यासाठी त्याच टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घ्यायचं आणि पुढचं तेल भरण्याआधी ते तेलकट पाणी समुद्रात सोडून द्यायचं. १९५४च्या लंडन कराराने हे पाणी कुठे आणि किती तेलकट सोडावं याच्या मर्यादा घातल्या. भर समुद्रात त्या तपासणार कोण? नियम कागदावर राहिला. १९७३ आणि १९७८च्या मारपोल करारांनी वाट बदलली: नव्या मोठ्या जहाजांत तोलाच्या पाण्याच्या टाक्या वेगळ्याच बांधा. हे महाग होतं, तरी पाळलं गेलं. कारण टाकी आहे की नाही हे गोदीत उभं राहून दिसतं. जहाज वर्गीकरण संस्था प्रमाणपत्र अडवते, विमा अडतो, बंदरात जहाज अडकवता येतं. पर्यावरणाचा कायदा कसा लिहावा यावर मी वाचलेलं याहून कामाचं काही नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी डांबरगोळ्या वाहून येतात, पायांना चिकटतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचे रासायनिक ठसे तपासले, तेव्हा टाक्या धुणारी जहाजं आणि बॉम्बे हायची तेलक्षेत्रं, दोन्हींकडे बोट गेलं. म्हणजे मिचेल यांचा विषय अजून संपलेला नाही.

आता स्प्राउट. गंमत अशी की त्यांचाही पहिला विषय समुद्रच होता, पण तोफांचा. हॅरोल्ड प्रिन्स्टनमध्ये राज्यशास्त्र शिकवत. ‘द राइझ ऑफ अमेरिकन नेव्हल पॉवर’ १९३९ साली आलं, पाठोपाठ १९४० साली पहिल्या महायुद्धानंतरच्या आरमारी धोरणावरचं दुसरं. दोन्हींवर दोघांची नावं. त्या काळी बायकोने टिपणं काढायची, हस्तलिखित टंकायचं आणि प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत आभार पदरात पाडून घ्यायचे, अशी विद्यापीठांतली रीत. मार्गारेट यांचं नाव मुखपृष्ठावर आलं. पद मात्र प्रिन्स्टनच्या हातात होतं, आणि प्रिन्स्टनने कायम प्राध्यापकपद पहिल्यांदा एका स्त्रीला दिलं ते १९६८ साली. पदवीच्या वर्गात मुली आल्या १९६९ साली. हॅरोल्ड यांची उमेदीची सगळी वर्षं तोवर सरली होती.

मग मार्गारेट यांचं एकटीचं काही आहे का, हे मी शोधत राहिले, आणि ते सापडलं भलत्याच ठिकाणी. एडवर्ड मीड अर्ल यांनी १९४३ साली, ऐन युद्धात, ‘मेकर्स ऑफ मॉडर्न स्ट्रॅटेजी’ हा जाडजूड ग्रंथ संपादित केला. मॅकियाव्हेलीपासून हिटलरपर्यंतच्या युद्धविचाराचा तो आढावा. पुढे कित्येक लष्करी महाविद्यालयांत तो वाचला गेला. त्यातलं अमेरिकेचा आरमारी तत्त्वज्ञ आल्फ्रेड मेहॅन याच्यावरचं प्रकरण मार्गारेट टटल स्प्राउट यांचं आहे. शीर्षकातच त्यांनी मेहॅनला सागरी सत्तेचा धर्मप्रचारक म्हटलं आहे. भक्ताला अशी उपाधी सुचत नाही. १९८६ साली पीटर पॅरेट यांनी त्या ग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा मेहॅनवरचं प्रकरण फिलिप क्राउल यांच्याकडून नव्याने लिहून घेतलं. नव्या संशोधनाला जागा द्यावीच लागते, हे मान्य. तरी मला चुटपुट लागली.

मेहॅनने एखाद्या राष्ट्राच्या सागरी ताकदीची कारणं मांडताना भौगोलिक स्थान आणि किनाऱ्याची ठेवण सगळ्यात आधी घेतली होती. स्प्राउट दांपत्याला पुढे नेमका हाच प्रश्न छळू लागला: भूगोल माणसाकडून काही करवून घेतो, म्हणजे नक्की कसं? १९५६च्या एका छोट्या पुस्तिकेत आणि १९६५च्या ‘द इकॉलॉजिकल पर्स्पेक्टिव्ह ऑन ह्यूमन अफेअर्स’मध्ये त्यांचं उत्तर आहे. डोंगर, समुद्र, हवा थेट कोणाला निर्णय घ्यायला लावत नाहीत. निर्णय घेणारा वागतो तो त्याच्या मनातल्या परिसराप्रमाणे. पण निर्णयाचं फळ काय मिळणार, हे मात्र बाहेरचा खरा परिसर ठरवतो, तो कोणाला दिसो वा न दिसो. उदाहरण पर्ल हार्बरचं. डिसेंबर १९४१मध्ये जपानी आरमार जवळ येत होतं. हवाईतल्या अमेरिकी सेनाधिकाऱ्यांच्या मनातल्या समुद्रावर ते नव्हतं, म्हणून त्यांनी काही केलं नाही. बॉम्ब पडायचे ते पडलेच.

आरमारापासून पर्यावरणापर्यंतचा त्यांचा प्रवास मला इथे उलगडला. हवा, पाणी, धान्य हे सगळं त्या न दिसणाऱ्या आरमारासारखंच आहे, हे ओळखून दोघांनी १९७१ साली ‘टुवर्ड अ पॉलिटिक्स ऑफ द प्लॅनेट अर्थ’ लिहिलं. स्टॉकहोमची पर्यावरण परिषद भरली, इंदिरा गांधींचं ते गाजलेलं भाषण झालं, ते त्याच्या पुढच्या वर्षी. स्प्राउट पुरस्कारही १९७२चाच.

२०२०च्या मार्चअखेर आयएसएचं अधिवेशन ठरलं होतं होनोलुलूला. पर्ल हार्बर त्या शहराला लागूनच. आदल्या जूनमध्ये प्रस्ताव आले तेव्हा कोणाच्याही मनातल्या परिसरात कोरोनाचा विषाणू नव्हता. अधिवेशन ऐनवेळी रद्द झालं, कार्यक्रमप्रमुखाने महिनोन्‌महिने जुळवलेली सत्रं रद्दीत गेली. विमानप्रवासाचा वाद मात्र त्या वर्षापुरता आपोआप मिटला.