दुष्टाला चेहरा हवा

डिस्नेच्या ‘द लायन किंग’मध्ये (१९९४) राजपुत्राच्या जन्माचा सोहळा संपतो आणि लगेच पडद्यावर येतो तो त्याचा काका स्कार. पंजात उंदीर धरलेला, आवाजात आळस आणि बोलण्यात गादी हुकल्याची सल. सिनेमागृहात बसलेल्या सहा वर्षांच्या मुलालाही एवढ्यात कळून चुकतं की या काकाला राज्य हवं आहे आणि त्यासाठी तो कोणत्याही थराला जाईल. राजपुत्र सिंबाला मात्र हे कळत नाही. तो काकाच्या अंगाखांद्यावर खेळतो, त्याच्या शब्दावर विसंबून घळीत एकटा थांबतो, आणि तेव्हा खुर्चीतल्या मुलाचा जीव वरखाली होत असतो, कारण पुढे काय वाढून ठेवलंय याची चाहूल त्याला नायकाच्या आधी लागलेली असते. मुलांच्या सिनेमातला जुना खलनायक हेच काम करत असे. धोका ओळखण्याचा पहिला मान तो बालप्रेक्षकाला देई. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हॉलिवूडच्या मोठ्या ॲनिमेशनपटांतून हा खलनायक जवळपास हद्दपार झाला आहे. यात केवळ एका नाट्यमय पात्राचं नुकसान झालेलं नाही. वाईट ओळखावं कसं आणि त्याला ठामपणे नकार द्यावा कसा, हे मुलांना दाखवण्याची एक जुनी, कसाला उतरलेली रीत आपण हातची सोडतो आहोत.

ही रीत घडायला पन्नासहून अधिक वर्षं लागली. ‘स्नो व्हाइट’ (१९३७) मधली राणी इतकी धास्तावणारी होती की ब्रिटनच्या सेन्सॉरने मुलांनी हा चित्रपट मोठ्या माणसाच्या सोबतीनेच पाहावा, अशी अट घालणारं प्रमाणपत्र दिलं. ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१९५९) मधली मॅलेफिसंट आणि ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ (१९६१) मधली क्रुएला, या दोघी मार्क डेव्हिस या एकाच चित्रकाराच्या हातून उतरल्या. पुढे आंद्रियास डेहा या ॲनिमेटरने अवघ्या काही वर्षांत गॅस्टन, जफर आणि स्कार हे तीन खलनायक जिवंत केले. ‘द लिटल मर्मेड’मध्ये (१९८९) हॉवर्ड अॅशमन आणि ॲलन मेंकन यांनी समुद्रचेटकीण अर्सुलाला असं गाणं दिलं की खलनायकाचं स्वतंत्र गाणं ही पुढच्या दशकाची ओळखच झाली. या सगळ्यांना बांधणारा धागा त्यांच्या इच्छेच्या उघडेपणाचा आहे. राणीला सौंदर्यात कुणी वरचढ नको, क्रुएलाला ठिपक्यांचा कोट हवा, अर्सुलाला समुद्राचं सिंहासन, जफरला अलादीनचा दिवा. ते आपली हाव लपवत नाहीत, उलट ठसक्यात मिरवतात. त्यांनी जे केलं ते समजून-उमजून केलं, म्हणून त्याची जबाबदारीही त्यांचीच राहते.

मग बदल झाला, तो दोन वाटांनी. पहिली वाट दडवलेल्या खलनायकाची. ‘टॉय स्टोरी २’ (१९९९) आणि ‘मॉन्स्टर्स, इंक.’ (२००१) मध्ये पिक्सारने ती चोखाळली आणि नंतर डिस्नेने तिचा साचाच करून टाकला. ‘रेक-इट राल्फ’, ‘फ्रोझन’, ‘बिग हिरो ६’, ‘झूटोपिया’ या २०१२ ते २०१६ मधल्या चारही चित्रपटांत भला, निदान निरुपद्रवी वाटणारा कुणीतरी शेवटाकडे अचानक दुष्ट निघतो. दुसरी वाट खलनायकच नसण्याची. ‘फ्रोझन २’ (२०१९), ‘एन्कांटो’ (२०२१), ‘टर्निंग रेड’ (२०२२), ‘एलिमेंटल’ (२०२३) या चित्रपटांत अडचण निर्माण होते ती पूर्वजांच्या चुकीतून, आईच्या किंवा आजीच्या धाकातून, समाजाच्या पूर्वग्रहातून. उघड, ठसठशीत आणि कथेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत असणारी खलनायिका म्हणून ‘टँगल्ड’ (२०१०) मधल्या मदर गॉथेलनंतर डिस्नेकडे मोजण्यासारखं फारसं काही नाही.

हा बदल उगीच झालेला नाही, आणि त्यामागचं सर्वांत सबळ कारण नीट ऐकून घेतलं पाहिजे. जुन्या खलनायकांचा दुष्टपणा अनेकदा त्यांच्या शरीरावर लिहिलेला असे. चेहऱ्यावर व्रण असलेला तो स्कार, लठ्ठ ती अर्सुला, गडद रंगाचा आणि बायकी हावभावांचा तो जफर. ‘अलादीन’ (१९९२) मध्ये नायक-नायिका अमेरिकी धाटणीचं इंग्रजी बोलतात आणि बाजारातल्या दांडगट पहारेकऱ्यांच्या तोंडी मात्र परकी ढब येते. त्यातल्या सुरुवातीच्या गाण्यात अरबांविषयी असलेल्या एका ओळीवर अरब-अमेरिकी संघटनांनी आक्षेप घेतला आणि १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलावी लागली. व्यंग, वर्ण, देहयष्टी, लैंगिकता यांची सांगड वाइटाशी घालणारी चित्रं लहान वयात मनात मुरतात, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्या चित्रांचा बचाव करायचं कारण नाही.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष इतकाच, की खलनायक वेगळा रेखाटा. तो नकोच, हे त्यातून निघत नाही. आणि वेगळा कसा रेखाटायचा, याची उदाहरणं त्याच काळात, त्याच स्टुडिओत तयार होती. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) मधला गॅस्टन देखणा, गोरा, धडधाकट आणि गावाचा लाडका आहे. बेलच्या नकाराला तो किंमत देत नाही, तिच्या वडिलांना वेड्यांच्या इस्पितळात डांबण्याची धमकी देऊन लग्न पदरात पाडून घेऊ पाहतो, आणि शेवटी घाबरलेल्या गावकऱ्यांचा जमाव करून चालून जातो. ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ (१९९६) मध्ये तर कुबड आहे ते नायकाला. न्यायाधीश फ्रोलो मात्र प्रतिष्ठित, धर्मनिष्ठ, स्वतःच्या शुचितेबद्दल निःशंक. विद्रूप कोण, हा प्रश्न तो चित्रपट पहिल्याच प्रसंगात विचारतो. गॉथेल याहून सूक्ष्म आहे. रपुंझेलला ती हसत हसत टोचून बोलते, मग गंमत केली म्हणते, बाहेरच्या जगाची भीती घालते आणि तिच्याच मनात अपराधीपणा पेरते. माया दाखवताना ती हात फिरवते तो जादूच्या केसांवर. त्या केसांतल्या जादूतून मिळणाऱ्या तारुण्यासाठी ती मुलगी तिने जपली आहे. घरातल्या घरात होणारा मानसिक छळ मुलांच्या सिनेमाने इतक्या स्वच्छ नजरेने क्वचितच दाखवला असेल.

गॉथेलचं उदाहरण दुसऱ्या एका आक्षेपालाही पुरून उरतं. दडवलेल्या खलनायकाचे समर्थक म्हणतात, खऱ्या आयुष्यात वाईट माणसाच्या कपाळावर शिक्का नसतो. गोड बोलणाऱ्यापासूनच सावध राहावं लागतं आणि ‘फ्रोझन’मधला राजपुत्र हान्स मुलांना हेच शिकवतो. हेतू चांगला आहे, पण चित्रपट तो साधत नाही. सावध राहायचं तर खुणा दिसायला हव्यात. नायिका ॲनाशी पहिली भेट झाल्यावर ती निघून जाते, हान्स पाण्यात पडतो, वर येतो आणि ती गेली त्या दिशेने बघत प्रेमाने हसतो. त्या क्षणी आसपास त्याला पाहणारं कुणी नाही. ते हसू फक्त प्रेक्षकाला फसवण्यासाठी आहे. पुढे हान्स स्वतःच्या तोंडाने कट सांगतो तेव्हा मुलाला धक्का बसतो, पण आधी आपण काय पाहायला चुकलो हे त्याला उमगत नाही, कारण पाहण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. गॉथेलच्या बाबतीत गोड बोलण्याची यंत्रणा आपल्याला उघडी करून दाखवली जाते. रपुंझेल फसते आणि ती का फसते हे आपण बघत असतो. पहिल्या तऱ्हेच्या कथेतून मुलाच्या हाती येतो सरसकट संशय, दुसरीतून येते पारख.

खलनायकच नसलेल्या चित्रपटांचा प्रश्न याहून खोल आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ मधल्या पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. या बदलाने सावत्र आयांवर पिढ्यान्पिढ्या अन्याय झाला हे खरंच. पण त्यामागे मनाची एक गरज होती. ब्रुनो बेटेलहाइम या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये परीकथांवर लिहिलेल्या पुस्तकात ती मांडली. त्याच्या इतर अनेक मतांवर पुढे कडक टीका झाली, तरी हे निरीक्षण टिकणारं आहे. आईचा राग आलेलं मूल तो राग कथेतल्या सावत्र आईवर बिनघोर काढू शकतं आणि खऱ्या आईवरचं प्रेम शाबूत राहतं. आजचे चित्रपट नेमकी उलटी वाट धरतात. जुना राग ते पुन्हा सख्ख्या नात्यात आणून सोडतात, आणि तो सोडवायचं काम मुलावर टाकतात. ‘एन्कांटो’मध्ये आजीच्या अपेक्षांखाली अख्खं कुटुंब दबलेलं आहे. नदीकाठच्या प्रसंगात आजीचं पूर्वायुष्य कळतं, ती चूक कबूलही करते, पण नात मिराबेल तिथल्या तिथे तिचीच समजूत घालू लागते. ‘राया अँड द लास्ट ड्रॅगन’मध्ये (२०२१) नमारी पुन्हा पुन्हा घात करते, आणि धडा मिळतो तो रायाला: विश्वास तूच आधी टाक. मोठ्यांची दुःखं समजून घेणं ही फार मोलाची गोष्ट आहे. पण प्रत्येक कथेत जिच्यावर अन्याय झाला तिनेच समजून घ्यायचं, हे चौथ्यांदा-पाचव्यांदा पाहिलं की ती शिकवण राहत नाही, ते ओझं होतं. जगात असेही लोक आहेत ज्यांना समजून घेतलं तरी थांबवावंच लागतं. हे सांगणारी कथा मुलाला कधीतरी भेटायला हवी.

इथे जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकीचं नाव पुढे केलं जातं, आणि ते रास्तच आहे. ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) आणि ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ (१९८९) यांत खलनायक नाही आणि दोन्ही अप्रतिम आहेत. पण त्या चित्रपटांची बांधणीच निराळी आहे. तिथे लढाई नाही, म्हणून शत्रूची उणीव भासत नाही. पाऊस, झाडं, आईचं आजारपण, अनोळखी गावात एकटं राहणं एवढ्यावर कथा पोसली जाते. अमेरिकी चित्रपटांना मात्र शेवटी कोसळणारी धरणं, धावपळ आणि आक्राळविक्राळ राक्षस हवेच असतात. खलनायकाच्या कथेचा सगळा सरंजाम ठेवायचा आणि खलनायक तेवढा काढून घ्यायचा, म्हणजे त्या जागी ‘राया’मधल्या द्रूनसारखं चेहरा नसलेलं, इच्छा नसलेलं काहीतरी आणावं लागतं. ‘मोआना’मध्ये (२०१६) लाव्हाचा राक्षस ही दुखावलेली देवीच आहे हे कळतं तो क्षण हृद्य आहे, कारण तिथे एका चोरीचा हिशेब पुरा होतो. त्याची पुढे सूत्र म्हणून नक्कल झाली तेव्हा हिशेब उरला नाही.

‘विश’मध्ये (२०२३) डिस्नेने मॅग्निफिको राजाच्या रूपाने जुन्या धर्तीचा खलनायक परत आणला आणि चित्रपट पडला, मग लोकांना तो नकोच असेल, असंही म्हटलं गेलं. पण मॅग्निफिको जुन्या धर्तीचा नव्हताच. त्याला बालपणीचं दुःख दिलं, वर त्याचं अधःपतन एका शापित पुस्तकाच्या माथी मारलं. त्याने स्वतः काय निवडलं, हे धूसरच राहिलं. त्याच्या एकच वर्ष आधी ड्रीमवर्क्सच्या ‘पुस इन बूट्स: द लास्ट विश’ने तीन प्रकारचे विरोधक एका कथेत बसवले होते. गोल्डीलॉक्स सुधारते. जॅक हॉर्नर सुधारत नाही. त्याला प्रेमळ आईवडील आणि सुखाचं घर लाभलं होतं, तरी तो असा आहे, हे चित्रपट ठणकावून सांगतो. आणि लांडग्याच्या रूपातला मृत्यू, ज्याची शीळ ऐकून नायकाच्या अंगावरचे केस उभे राहतात. या चित्रपटाने जगभरात ४८ कोटी डॉलरहून अधिक कमावले, ‘विश’ने सुमारे २५ कोटी. अर्थात गल्ल्यावरून हा वाद मिटणार नाही, कारण खलनायक नसलेल्या ‘इनसाइड आउट २’ने (२०२४) १६० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. मनातल्या भावनांची ती कथा आहे आणि तिथे बाहेरचा शत्रू हवा, असं मी म्हणणार नाही. माझा आग्रह इतकाच आहे, की सगळ्याच कथा मनाच्या आत घडू नयेत.

मुलांना खलनायकाची ओढ किती असते, याचा पुरावा खुद्द ‘एन्कांटो’तच आहे. त्यातलं सर्वांत गाजलेलं गाणं ब्रुनोमामाबद्दलचं. २०२२ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, ‘फ्रोझन’च्या गाण्यालाही तिथवर जाता आलं नव्हतं. त्या गाण्यात घरातली माणसं ब्रुनोला भयंकर, अपशकुनी, अंधारातून बघणारा म्हणून रंगवतात. पुढे तो गरीब स्वभावाचा निघतो, पण गाणं गुणगुणलं गेलं ते त्या रंगवण्यासाठी. आणि आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण आहेच. दिलीप प्रभावळकरांनी ती साकारली, पुढे २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी, आणि मोबाइलवर वाढलेल्या पिढीनेही त्या चेटकिणीसाठी नाट्यगृहं भरली. राजा, राजकन्या विसरली जातात, चेटकीण लक्षात राहते. मुलं तिला घाबरतात, हसतात आणि तिची फजिती होते तेव्हा जीव तोडून टाळ्या वाजवतात.

म्हणून पालकांना एक विनंती. मूल घाबरेल म्हणून स्कार, फ्रोलो किंवा गॉथेलचे प्रसंग पुढे ढकलू नका. शेजारी बसा आणि ते काय करतायत, कसं करतायत, हे मुलालाच विचारा. जिथे वर्णाची किंवा व्यंगाची थट्टा आहे तिथे ती चूक आहे हेही सांगा. आणि मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्या, नाटक-सिनेमा करणाऱ्यांना इतकंच सांगणं आहे: दुष्ट पात्र लिहायला कचरू नका. त्याला डोकं द्या, हाव द्या, गाणं द्या, आणि त्याने जे केलं त्याचा जाब त्यालाच द्यायला लावा.