अपरोक्ष म्हणजे पुढ्यात की पाठीमागे?

आज आपण एका शब्दाबद्दल बोलूया. घरच्या बोलण्यात तो फारसा येत नाही, पण तक्रारअर्जात आणि गटाच्या ठराववहीत हटकून येतो. तो शब्द म्हणजे ‘अपरोक्ष’.

समजा, एखादीने अर्जात लिहिलं, ‘माझ्या अपरोक्ष माझ्या खात्यातून पैसे काढले.’ तिला म्हणायचंय, मी तिथे नव्हते, मला पत्ताच नव्हता. शब्दाचा मूळ अर्थ मात्र नेमका उलटा आहे. अक्ष म्हणजे डोळा. ‘परोक्ष’ म्हणजे डोळ्याच्या पलीकडे, पाठीमागे. त्याला नकाराचा ‘अ’ लागला की ‘अपरोक्ष’, म्हणजे नजरेआड नसलेलं, अगदी पुढ्यातलं. मूळ अर्थ धरून वाचणारा म्हणेल, बाईच्या डोळ्यांदेखत पैसे काढले, मग तक्रार कसली?

हा शब्द मुळात वेदान्ताच्या घरचा. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या एका ग्रंथाचं नावच ‘अपरोक्षानुभूती’ आहे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, अंदाजाने नव्हे, तर स्वतःला थेट, त्याच क्षणी आलेला अनुभव तो अपरोक्ष. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त याचा एक छान दाखला आहे. दहा जण नदी उतरून जातात. पलीकडे गेल्यावर एकजण मोजतो, तर नऊच भरतात, कारण तो स्वतःला मोजतच नाही! दहावा बुडाला म्हणून रडारड सुरू होते. वाटेवरचा एक माणूस सांगतो, ‘दहावा आहे.’ जीव थोडा भांड्यात पडतो; पण हे ऐकीव, म्हणजे परोक्ष ज्ञान. मग तो म्हणतो, ‘अरे, दहावा तूच!’ त्या क्षणी जे कळलं, ते अपरोक्ष. (गटात पैसे मोजताना स्वतःचा हप्ता विसरणारी एखादी असतेच, नाही का?)

आपल्या आचऱ्याची गावपळण घ्या. रामेश्वराचा कौल झाला की गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन तीन दिवस तीन रात्री झोपडीत काढायच्या. मुंबईत बसून बातमी वाचणाऱ्याला गावपळण माहीत होते ती परोक्ष. झोपडीत चूल मांडणारीला ती अपरोक्ष.

न्यायालयातही हाच भेद महत्त्वाचा. १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे, की तोंडी साक्ष थेट हवी. पाहण्याची गोष्ट असेल तर ‘मी पाहिली’ म्हणणारीची, ऐकण्याची असेल तर ‘मी ऐकली’ म्हणणारीची. ‘साक्षी’, ‘समक्ष’, ‘प्रत्यक्ष’ या सगळ्या शब्दांत तोच डोळा आहे. म्हणून ‘माझ्या समक्ष सही केली’ या ओळीखाली नाव घालायचं, तर सही होताना आपण तिथे हवं. शेजारीण आहे, नाही कसं म्हणायचं, असं होतं खरं. पण उद्या विचारणा झाली तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

आज पुष्कळ लोक ‘अपरोक्ष’ हा शब्द पाठीमागे या अर्थाने वापरतात. कुणी त्याला चूक म्हणतं, कुणी रूढी. बोलताना काही बिघडत नाही, समोरच्याला कळतं. कागदावर मात्र तो नकोच, असं आम्हाला वाटतं. अर्जात सरळ लिहावं: ‘अमुक तारखेला मी बँकेत हजर नव्हते. माझी सही किंवा अंगठा न घेता पैसे काढले. हे मला अमुक तारखेला पासबुक भरून घेतल्यावर कळलं.’