विश्लेषण : हिपॅटायटिस बीचे ‘दोन डोस झालेत’ पुरेसे का नाही? वॉर्डात जाण्याआधी हे वाचा

रात्रपाळीत घाईघाईने वापरलेल्या सुईला टोपण लावताना नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या बोटाला सुई टोचते. रुग्ण हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल, तर तिला आधी विचारले जाते : लस पूर्ण झाली का? ‘दोन डोस झालेत’ या उत्तराने काम भागत नाही.

धोका किती?

लस न घेतलेल्याला बाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के मानली जाते. एचआयव्हीसाठी ती साधारण ०.३ टक्के आहे. हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. त्यामुळे डॉक्टर-नर्सच नव्हे, तर लॅब टेक्निशियन आणि रुग्णालयातील कचरा उचलणारे सफाई कामगारही जोखमीत असतात. आजार जुनाट झाला तर लिव्हर सिरॉसिस किंवा कॅन्सर होऊ शकतो.

लहानपणी लस मिळालीच असेल ना?

गृहीत धरू नका. नियमित लसीकरणात ही लस देशभर २०११ पासून आली. काही राज्यांत ती त्याआधीच सुरू होती. लसीकरण कार्ड नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण कोर्स करावा.

डोस कधी?

पहिला डोस, १ महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून ६ महिन्यांनी तिसरा. सहा महिन्यांत परीक्षा, सुट्ट्या येतात आणि तिसरा डोस राहून जातो. तसे झाले तरी सुरुवातीपासून कोर्स नको. राहिलेला डोस घ्या.

टायटर टेस्ट कशासाठी?

तीन डोस घेऊनही काहींच्या शरीरात पुरेशी अँटीबॉडी तयार होत नाही. म्हणून शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी ‘अँटी-एचबीएस’ ही रक्तचाचणी करावी. पातळी १० किंवा जास्त असेल तर संरक्षण मिळाले. निरोगी व्यक्तीला पुढे बूस्टर लागत नाही. कमी असेल तर पुन्हा तीन डोस घेऊन चाचणी करतात.

सुई टोचलीच तर?

* जखम साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका.
* लगेच वरिष्ठांना कळवा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका.
* संरक्षण नसेल तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन शक्यतो २४ तासांत घ्यावे लागते.

लसीच्या तारखा आणि टायटरचा रिपोर्ट यांचा फोटो आजच मोबाइलमध्ये ठेवा. सुई टोचल्यावर कागद शोधायला वेळ नसतो.