वकीलकाकांचा सौदा फसला

फ्रान्समधल्या आर्ल गावात १९६५ साली एका वकीलकाकांनी मोठा हुशारीचा सौदा केला. निदान त्यांना तरी तसं वाटलं! ते झान कालमाँ नावाच्या ९० वर्षांच्या आजींना म्हणाले, "तुम्ही आहात तोवर दरमहा पैसे देतो. तुमच्या माघारी घर माझं." काका होते ४७ वर्षांचे. आजी अशा किती जगणार?

चांगल्या ३२ वर्षं! काका पैसे भरत राहिले आणि १९९५ मध्ये आजींच्या आधी तेच गेले. मग हप्ते त्यांच्या घरच्यांनी भरले. आजी वारल्या १९९७ मध्ये, १२२ वर्षांच्या होऊन. एवढं आयुष्य आजवर दुसऱ्या कुणाचंच नोंदलेलं नाही.

आजींनी पंच्याऐंशीव्या वर्षी तलवारबाजी सुरू केली. शंभरीपर्यंत सायकल चालवली. चॉकलेट तर भलतंच आवडायचं. आणि शंभरी उलटली तरी त्या सिगारेट ओढायच्या!

आता लगेच टाळ्या पिटू नका. त्यांचे भाऊही ९७ वर्षं जगले होते. म्हणजे त्या घराण्याची जनुकंच दणकट असणार. आईबाबांकडून आपल्याला मिळणाऱ्या या जनुकांमध्ये शरीर कसं घडवायचं, बिघडलं तर दुरुस्त कसं करायचं, याच्या सूचना असतात. फॉक्सो-३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार दीर्घायुषी माणसांत जास्त आढळतो. तुमच्याकडे तो आहे का? नुसतं बघून तर कळत नाही. म्हणून सिगारेटच्या बाबतीत आजींची नक्कल नको!

मग सगळं जनुकांवरच का? डेन्मार्कमध्ये हजारो जुळ्यांची आयुष्यं तपासली, तेव्हा आयुर्मानातल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा जेमतेम पाव निघाला. बाकी खाणंपिणं, हालचाल, आजारपणं आणि हो, थोडं नशीबही.

जपानमधल्या ओकिनावा बेटांवरचे म्हातारे रताळी आणि भाज्या खायचे, शेतात राबायचे आणि पोट थोडं रिकामं असतानाच पानावरून उठायचे. आयुर्मानात तिथले पुरुष १९८५ मध्ये देशात पहिले होते. पुढे बर्गर वाढले, मोटारी वाढल्या. २००० साली ते ४७ प्रांतांत थेट २६वे! पंधरा वर्षांत जनुकं थोडीच बदलतात?

तुमच्या घराण्यात सगळ्यात जास्त कोण जगलं? आजीला विचारा. ते काय खायचे, रोज किती चालायचे, हेही विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा.