पाण्यातलं फ्लोराइड दिसत नाही, मग वायूच्या यंत्रात ते सापडतं कसं?

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर (पांढरकवडा), झरी-जामणी, मारेगाव या भागांत काही हापशांचं पाणी स्वच्छ दिसतं, त्याला वास येत नाही आणि चवही नेहमीसारखीच लागते. तरीही ते वर्षानुवर्षं प्यायल्यावर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि मोठ्यांची हाडं, सांधे आखडतात. याला फ्लोरोसिस म्हणतात. कारण खडकांत आहे. फ्लोराइड असलेली खनिजं भूजलात हळूहळू विरघळतात. खोल बोअरच्या पाण्याचा खडकाशी संपर्क जास्त काळ राहतो, त्यामुळे तिथे धोका वाढतो.

किती फ्लोराइड चालतं?

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे मोजमाप अचूक हवं, कारण 'चालेल' आणि 'नको' यांत फरक अर्ध्या मिलिग्रॅमचा आहे.

मग अडचण काय?

गॅस क्रोमॅटोग्राफी या यंत्रात पदार्थ वाफ होऊन एका लांब, बारीक नळीतून जातात. प्रत्येक पदार्थ वेगळ्या वेळी बाहेर पडतो, म्हणून तो ओळखता आणि मोजता येतो. पण फ्लोराइड हा पाण्यात विरघळलेला आयन आहे. त्याची वाफ होत नाही.

इथे सिलिकॉनचं एक संयुग कामी येतं: ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन. ते पाण्याला इतकं चटकन प्रतिसाद देतं की पाण्यात पडताच त्यातला क्लोरीन सुटतो आणि ट्रायमिथाइलसिलॅनॉल तयार होतं. म्हणूनच अशी संयुगं पाण्यात थेट मोजता येत नाहीत. मोजायला जाईपर्यंत ती बदललेली असतात.

पण हाच दोष इथे उपयोगी पडतो. पाणी आम्लयुक्त केलं की हे सिलॅनॉल फ्लोराइडशी जोडलं जातं, कारण सिलिकॉन आणि फ्लोरीन यांचा बंध फार मजबूत असतो. तयार होतं ट्रायमिथाइलफ्लुओरोसिलेन. ते सुमारे १६ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यात बाटली उघडी राहिली तर उडूनच जाईल. त्यामुळे हे काम घट्ट बंद बाटलीत करतात. मग ते टोल्युइनसारख्या द्रावकात ओढून घेतात आणि यंत्रात सोडतात. पडद्यावर उमटणाऱ्या शिखराचं क्षेत्रफळ माहीत प्रमाणाच्या नमुन्याशी ताडून पाहिलं की फ्लोराइड किती ते कळतं.

रोज हेच वापरतात का?

नाही. पिण्याच्या पाण्यासाठी प्रयोगशाळा सहसा फ्लोराइडचा इलेक्ट्रोड किंवा रंग बदलणारी चाचणी वापरतात. ती स्वस्त आणि सोपी असते. वायूची पद्धत रक्त, लघवी, टूथपेस्ट अशा गुंतागुंतीच्या नमुन्यांत जास्त उपयोगी पडते.

तुम्ही काय करायचं?

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. गावातल्या बोअरची तपासणी झाली आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. नसेल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. प्रमाण जास्त निघालं तर उपाय आहेत: दुसरा स्रोत, किंवा नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत, जिच्यात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करतात. पण आधी आकडा हातात हवा. नुसतं बघून हे पाणी ओळखता येत नाही.