पान लागलं, तेव्हा किती वाजले होते?

घोणस चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात आणला, की राष्ट्रीय उपचारपद्धतीनुसार सगळ्यात महत्त्वाची तपासणी काचेच्या एका साध्या नळीत होते. शिरेतून दोन मिलिलिटर ताजे रक्त काढायचे, नव्या, स्वच्छ, कोरड्या नळीत सोडायचे आणि वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत धडधाकट माणसाचे रक्तही नीट गोठत नाही. वीस मिनिटांनी नळी हलकेच आडवी करायची. रक्त वाहिले, तर विषाने गोठण्याचे घटक संपवले असे समजून प्रतिविष सुरू करायचे. ते किती द्यायचे, हे गणित सांगते. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. आपल्याकडच्या प्रतिविषाची दहा मिलिलिटरची एक कुपी घोणशीचे ६ मिलिग्रॅम विष निकामी करते. म्हणून सुरुवात आठ ते दहा कुप्यांनी. सहा तासांनी पुन्हा नळी, कारण गोठण्याचे घटक नव्याने तयार करायला यकृताला साधारण तेवढा वेळ लागतो. पाच वर्षांच्या पोरालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या. बाकी बहुतेक औषधे वजनावर ठरतात, इथे ती चावणाऱ्या जनावराने किती विष सोडले यावर ठरतात. समीकरणात काय धरायचे आणि काय सोडायचे, यावर त्या पोराचा जीव अवलंबून असतो.

आरोग्यसेवेतले गणित म्हटले, की महानगरातले मोठे संगणक डोळ्यांपुढे येतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ते या नळीत आहे, औषधसाठ्याच्या वहीत आहे, १०८ च्या गाडीला आहुप्याहून घोडेगावला उतरायला लागणाऱ्या वेळात आहे. ते असावे की नसावे, हा वाद आता संपला आहे. माझे म्हणणे पुढचे आहे. हे गणित ज्या आकड्यांवर उभे राहायला हवे, ते आकडे या दोन तालुक्यांच्या रोजच्या नोंदींतून यायला हवेत, आणि ती नोंद करणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

नोंद नसली की काय होते, हे देशाच्या पातळीवर एकदा दिसून आले आहे. भारतात सर्पदंशाने किती माणसे दगावतात, हे कळायचा मार्ग बरीच वर्षे सरकारी रुग्णालयांतल्या नोंदी हाच होता. मग ‘मिलियन डेथ स्टडी’ झाली. देशभरातून शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या घरांत जाऊन गणकांनी विचारले, की घरात मृत्यू झाला का, कसा झाला, आधी काय काय घडले. ती हकिकत दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवले. २००१ ते २००३ या काळातल्या सुमारे १ लाख २३ हजार मृत्यूंपैकी ५६२ सर्पदंशाचे निघाले. त्यावरून २०११ मध्ये अंदाज मांडला गेला, की वर्षाला सुमारे ४६ हजार माणसे यात जातात. २०२० मध्ये सहा लाखांहून अधिक हकिकतींवर आधारलेला नवा अंदाज आला: वर्षाला सरासरी ५८ हजार, म्हणजे वीस वर्षांत १२ लाखांच्या घरात. २००३ ते २०१५ या काळात सरकारी रुग्णालयांनी जाहीर केलेले मृत्यू होते १५,५००. त्याच काळात सरकारी आणि खासगी मिळून रुग्णालयांतच १ लाख ५४ हजार मृत्यू झाले असावेत, असे हा अभ्यास सांगतो. रुग्णालयाबाहेरचे आणखी वेगळे, आणि पहिल्या अभ्यासात तर चारांतले तीन मृत्यू बाहेरचेच होते. घरी, वाटेत, भगताच्या ओट्यावर.

यावर हमखास घेतली जाणारी हरकत अशी, की ५६२ वरून ४६ हजार ही हातचलाखी झाली, रुग्णालयातली नोंद निदान डोळ्यांनी पाहिलेली असते. ही हरकत झटकून टाकण्यासारखी नाही. पण भाताच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून अख्ख्या पोत्याचा भाव ठरवणारा व्यापारी पोते न मोजता बोलत असला, तरी खोटे बोलत नसतो. मूठ पोत्याच्या कुठल्या कोपऱ्यातून काढली, एवढेच तपासायचे असते. या अभ्यासातली घरे आधीच ठरलेली होती, साप चावला म्हणून कोणी निवडलेली नव्हती. शिवाय अंदाजासोबत त्याची चूक किती असू शकते, तेही छापले होते: ४०,९०० ते ५०,९००. रुग्णालयाच्या रजिस्टरात जे येतच नाही, त्याच्या चुकीला मात्र मोजमाप नसते. आपली मर्यादा सांगणारा अंदाज मला मर्यादा न सांगणाऱ्या नोंदीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

मात्र देशाचा अंदाज तसाच उचलून तालुक्यावर ठेवला, तर फसगत होते. २०११ च्या जनगणनेत जुन्नरची लोकसंख्या सुमारे चार लाख, आंबेगावची २ लाख ३६ हजार. देशाची सरासरी लावली, तर दोन्ही तालुके मिळून वर्षाला तीसेक सर्पदंश-मृत्यू निघतात. हा आकडा खरा आहे असे मी म्हणत नाही. सगळ्यात जास्त मृत्यूंच्या राज्यांत महाराष्ट्र नाही, त्यामुळे इथला आकडा याहून कमी असण्याचीच शक्यता आहे. पण किती कमी, हे सरासरी सांगू शकत नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावरचा पूर्वेचा ऊस-टोमॅटोचा पट्टा वेगळा आणि डिंभे-माणिकडोहच्या वरचा, भातखाचरांचा आदिवासी पट्टा वेगळा. ओतूर-मंचरकडे रात्रपाळीची वीज आली, की शेतकरी अंधारात दारे धरायला जातो. पश्चिमेला पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते आणि पहाटे पोट दुखतेय, पापण्या जड झाल्यात, एवढेच कळते. दंशाची खूणही सापडत नाही. दोन्हीकडची माणसे वेगळ्या वेळी, वेगळ्या जनावराने आणि रुग्णालयापासून वेगळ्या अंतरावर मरतात. यांची सरासरी काढली, तर ती दोघांपैकी कोणाचीच नसते.

तालुक्याच्या खाली उतरले, की आकडे लहान होतात, आणि लहान आकडे दैवाच्या हातात असतात. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षाला सरासरी एक मृत्यू होतो. काहीही न सुधारता तिथे दर शंभरातली ३७ वर्षे मृत्यूशिवाय जातील. त्या वर्षी टाळ्या वाजवणे आणि पुढच्या वर्षी दोन मृत्यू झाले म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्याला नोटीस देणे, दोन्ही सारखेच निराधार. लागोपाठ तीन वर्षे शून्य आले, तर मात्र निव्वळ नशिबाची शक्यता पाच टक्क्यांवर येते आणि काहीतरी बदलले, असे म्हणायला जागा होते. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘शून्य सर्पदंश मृत्यू’ हे ध्येय याच भागात बोलले गेले आहे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करताना त्याचा पाठपुरावा करत आले आहेत. त्या ध्येयाचा आदर राखायचा, तर शून्य खरे आहे की नोंदच झाली नाही, हे सांगता आले पाहिजे. गावातल्या दवाखान्यातल्या नेटक्या नोंदी काय करू शकतात, याचे उदाहरण सह्याद्रीच्या पलीकडे आहेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची तासातासाची स्थिती टिपली, प्राझोसिन हे औषध वापरले, आणि जिथे शंभरातले तीस दगावत, तिथे ते प्रमाण एकाच्या आसपास आले. ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, कारण त्यामागे टिपण होते.

आता साठ्याची वही उघडू. समजा, पावसाळ्यात एका केंद्रावर महिन्याला सरासरी दोन विषारी दंशाचे रुग्ण येतात आणि एकेकाला वीस कुप्या लागतात. सरासरी धरून चाळीस कुप्या मागवल्या, तर हिशेब बरोबर दिसतो, पण दर तीन महिन्यांतून एकदा तिसरा रुग्ण येईल आणि कपाट रिकामे असेल. ही वेळ वीसातून एकदाच यावी असे वाटत असेल, तर चौघांपुरता साठा हवा. पाच केंद्रांना मिळून वीस जणांचा. तोच साठा एका ग्रामीण रुग्णालयात एकत्र ठेवला, तर पंधरा जणांचा पुरतो, कारण पाचही ठिकाणी एकाच महिन्यात गर्दी होणे विरळा. पाच रुग्णांच्या शंभर कुप्या वाचल्या. कागदावर हे पटते, आणि इथेच थांबणारे गणित धोक्याचे आहे. त्या शंभर कुप्यांच्या बदल्यात घाटमाथ्यावरच्या माणसाने प्रवासाचे तास भरायचे असतात, आणि मण्यारीचे विष श्वासाचे स्नायू लुळे करायला तेवढा वेळ पुरतो. म्हणून समीकरणात कुपीच्या किमतीबरोबर रस्त्याचा वेळही घातला पाहिजे. तो घातला, की उत्तर बदलते: पूर्वेला साठा एकत्र, पश्चिमेला प्रत्येक केंद्रावर, आणि सोबत कृत्रिम श्वासाची पिशवी व ती दाबता येणारा माणूस.

दुसरी हरकत डॉक्टरांची, आणि ती जास्त वजनदार आहे. समोरचा रुग्ण सरासरी नसतो. ६३ मिलिग्रॅम ही सरासरी खरी, पण प्रत्यक्ष दंशात ५ पासून १४७ मिलिग्रॅमपर्यंत विष मोजले गेले आहे. नळीचेही तेच. श्रीलंकेत घोणसदंशाच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात रोजच्या धबडग्यात केलेल्या या तपासणीने शंभरातले चाळीसच बाधित ओळखले. काळजीपूर्वक केलेल्या दुसऱ्या अभ्यासात ८२. तीच नळी, तेच रक्त, फरक हाताचा. शिवाय मण्यार चावली असेल, तर रक्त छान गोठते आणि माणूस तरीही मरतो. हे सगळे मान्य. पण सरासरी अपुरी आहे, हेसुद्धा कोणीतरी दंशामागून दंश मोजला म्हणूनच कळले. अनुभवी डॉक्टरच्या नजरेतही शेकडो रुग्णांचा हिशेब साठलेला असतो. तो कागदावर आला नाही, तर त्याच्या बदलीबरोबर निघून जातो आणि पुढच्या नव्या डॉक्टरला पहिल्या रुग्णापासून सुरुवात करावी लागते. गणिताने त्या नजरेच्या शेजारी बसावे, तिच्या जागी बसू नये.

लहान आकड्यांवर इलाज आहे, आणि त्याचा दाखला जुन्नर तालुक्यातच आहे. खोडदच्या महाकाय दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. एकटी तबकडी आकाशातला बारीक तपशील टिपू शकत नाही, तिसांचे संकेत जुळवले की चित्र उमटते. आरोग्य केंद्रांचेही तसेच करता येते. प्रत्येक केंद्राचा अंदाज स्वतःच्या नोंदींवर ठेवायचा आणि त्या जितक्या तुटपुंज्या, तितका सारख्या भूगोलाच्या शेजारी केंद्रांचा आधार घ्यायचा. संख्याशास्त्रात ही पद्धत रुळलेली आहे. अडचण एकच: तबकडीने संकेत पाठवलाच नाही, तर जुळवणार काय?

मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगण्यात आले. आधीच लिहून लिहून थकलेल्या आशाताई आणि परिचारिकांवर आणखी एक रजिस्टर लादू नये, ही तक्रार रास्त आहे. मागणी नव्या रजिस्टराची नाही. आहे त्याच पानावर चार गोष्टी हव्यात: पान लागले तेव्हा किती वाजले होते, केंद्रावर आणले तेव्हा किती वाजले होते, किती कुप्या दिल्या, आणि पुढे पाठवलेल्या रुग्णाचे काय झाले. पहिल्या तिन्ही गोष्टी त्याच जागी, त्याच माणसाला विचारून लिहिता येतात. चौथीसाठी दुसऱ्या दिवशी एक फोन करावा लागतो. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी येत्या पावसाळ्याआधी तेवढा एक फोन बंधनकारक करावा, आणि घरच्यांनी माणूस गाडीत घालताना घड्याळ बघून ठेवावे.