इन्व्हर्टर चालू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी एवढे तपासा

लग्नसराई असो की ईदच्या आधीचे दिवस असोत, दुकानात गिऱ्हाईक भरलेले असते आणि नेमकी त्याच वेळी लाइट जाते. अशा वेळी इन्व्हर्टर दगा देतो. गिऱ्हाइकाला कापडाचा रंग दिसत नाही, बिलाचा कॉम्प्युटर बंद पडतो, मागे शिलाईचे काम थांबते. घाईघाईने बोलावलेला मिस्त्री येतो आणि दोन मिनिटांत सांगतो, 'शेठ, बॅटरी गेली.' कधी हे खरे असते, पण अनेकदा दोष एखाद्या सैल नटाचा किंवा उडालेल्या फ्यूजचा असतो. नवी बॅटरी म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनी निदान प्राथमिक तपासणी स्वतः करायला शिकले पाहिजे. त्यासाठी कॉलेजच्या शिक्षणाची गरज नाही. एक टेस्टर आणि एक साधा मीटर पुरतो.

प्रथम तक्रार नेमकी कोणती आहे ते ठरवावे. 'चालू होत नाही' या एका वाक्यात तीन वेगवेगळे रोग असतात.

पहिला रोग : लाइट असूनही इन्व्हर्टरवर एकही दिवा लागत नाही. ज्या बोर्डात त्याची पिन आहे, तेथे दुसरा बल्ब लावून पाहावा. बल्ब लागला नाही तर दोष बोर्डाचा आहे. बल्ब लागला तर इन्व्हर्टरच्या मागची बाजू पाहावी. तेथे फ्यूज किंवा दाबायचे बटण असते. जास्त लोड आला की ते बटण बाहेर येते. लोड काढून ते परत दाबावे. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा बसवावा. फ्यूजच्या जागी जाड तार बांधण्याची सवय फार वाईट आहे. पुढच्या वेळी तार शाबूत राहते आणि मशीन जळते.

दुसरा रोग : लाइट असताना सर्व ठीक, पण लाइट जाताच अंधार. येथे आधी पुढचे बटण पाहावे. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये हे बटण बंद असले तरी बॅटरी चार्ज होत राहते, मात्र लाइट गेल्यावर पुरवठा मिळत नाही. झाडलोट करताना पोऱ्याचा हात लागून ते बंद होऊ शकते. बटण चालू असेल तर बॅटरीच्या टर्मिनलकडे वळावे. तेथे पांढरा-हिरवा क्षार साचला असेल किंवा नट सैल असेल तर करंट पुढे जात नाही. इन्व्हर्टर बंद करून पिन काढावी. आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवावी, मग लाल. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने टर्मिनल पुसावे, कोरडे करावे आणि घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे. पुसताना बॅटरीची झाकणे बंद असावीत, सोड्याचे पाणी आत जाता कामा नये. जोडताना आधी लाल, शेवटी काळी.

आता मीटर लावावा. चार्जिंग बंद करून तीन-चार तास झाल्यावर १२ व्होल्टची चांगली बॅटरी १२.६ किंवा त्याहून थोडे अधिक दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. पण एवढ्यावर निकाल देऊ नये. दोन पंखे लावून इन्व्हर्टर बॅटरीवर चालवावा आणि पुन्हा मोजावे. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लगेच १०.५ च्या खाली कोसळली तर तिचे आयुष्य संपत आले असे समजावे. बॅटरीच्या खांबांवर १२ मिळतात, पण त्याच वेळी इन्व्हर्टरकडच्या टोकाला १० च मिळतात, तर बॅटरी निर्दोष आहे. दोष मधल्या वायरचा किंवा जोडाचा आहे. मिस्त्री 'बॅटरी गेली' म्हणाला की त्याला हीच दोन मापे आपल्यासमोर घ्यायला सांगावे. दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येक वेगळी मोजावी. एक कमजोर असली तरी दुसरी निकामी भासते.

बॅटरी फारच खाली गेली असेल तर काही इन्व्हर्टर तिला ओळखतच नाहीत आणि चार्जिंगही सुरू करत नाहीत. दुकान महिनाभर बंद राहिले असेल तर असे घडते. अशी बॅटरी बॅटरीवाल्याकडे बाहेरून चार्ज करून पाहावी. मगच बदलण्याचा विचार करावा.

तिसरा रोग : चालू होतो आणि लगेच शिटी देऊन बंद पडतो. हा बहुधा लोडचा रोग आहे. सर्व बटणे बंद करून रिकामा इन्व्हर्टर चालू करावा. चालला तर एकेक वस्तू लावत जावी. ज्या वस्तूला तो बसेल, तेथे गडबड आहे. इस्त्री एकटीच ७५० ते १००० वॅट खाते. शिलाई मशीनची मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या गरजेच्या कित्येक पट करंट ओढते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणून लूमची मोटर घरगुती इन्व्हर्टरवर लावण्याचा विचारही करू नये. कापडाच्या धंद्यात आणखी एक कारण असते : तूस. ते जाळीत आणि पंख्यात अडकते, मशीन तापते आणि बंद पडते. पंधरा दिवसांतून एकदा पिन काढून जाळी ब्रशने साफ करावी.

कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसचेही असेच आहे. त्यातली सीलबंद बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते, उष्ण जागेत त्याहून कमी. ती पूर्ण मेली की अनेक यूपीएस लाइट असतानाही उठत नाहीत. अशा वेळी पूर्ण यूपीएस फेकू नये, आतली बॅटरी बदलून मिळते. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास भार पेलतो. लेझर प्रिंटर त्याच्यावर कधीही लावू नये.

किती वेळ चालेल याचा हिशेब सोपा आहे. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-अवर. वाटेतली घट धरून १३०० समजा. ३०० वॅटचा लोड असेल तर चार तासांच्या आसपास. बॅटरी जुनी असेल तर कमी.

काही गोष्टींत धाडस करू नये. इन्व्हर्टरचे झाकण उघडू नये. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी-काडी नको आणि जागा हवेशीर हवी. हातातली अंगठी, घड्याळ काढून काम करावे. अ‍ॅसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. बॅटरी फुगलेली असेल किंवा जळका वास येत असेल तर सर्व बंद करून जाणकारालाच बोलवावे. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये करंट असतो, हे वायरिंगला हात लावण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, नळाचे पाणी किंवा अ‍ॅसिड नाही. दर महिन्याला पातळी पाहावी. दुकानाच्या वहीत एक पान यासाठी राखावे : खरेदीची तारीख, पाणी घातल्याची तारीख, दुरुस्तीचा खर्च. दुकानदाराचा शिक्का असलेले वॉरंटी कार्ड बिलासोबत जपावे. शेवटी बॅटरी बदलावीच लागली तर जुनी भंगारात फुंकू नये. आतल्या शिशाला किंमत आहे आणि शिसे विषारीही आहे. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे ती देऊन नव्या बिलात तिची रक्कम वजा करून घ्यावी.

कापड घेताना आपण ताग्याची घडी उलगडून, बोटांनी पोत पाहून मगच भाव करतो. बॅटरीच्या बाबतीतही तोच रिवाज ठेवावा. आधी माप, मग पैसा.